खडपावरचं शेवाळ आणि डब्यातली भुकटी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी मासळी निवडता निवडता, तर कुणी नुसतं पाय पसरून. आज मी तुमच्याशी शेवाळाबद्दल बोलणार आहे. न्हाणीतलं किंवा विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ नव्हे, समुद्रातलं. ओहोटीला आपण कालवं काढायला खडपावर जातो तेव्हा पायाखाली जे हिरवंगार, पातळ, बुळबुळीत पसरलेलं असतं, ते. त्याच्यावरून घसरून आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा तरी गुडघा फोडून घेतला असेल.

आता या शेवाळाचा विषय कुठून निघाला ते सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बैठकीला एक गृहस्थ आले. चांगले कपडे, गोड बोलणं. पिशवीतून त्यांनी एक डबा काढला. आत हिरवी भुकटी. म्हणाले, “हे समुद्री शेवाळाचं सत्त्व आहे. साखर उतरते, रक्तदाब उतरतो, गुडघे मोकळे होतात, चरबी झडते, अंगातल्या गाठीसुद्धा विरघळतात.” एका डब्याची किंमत अठराशे रुपये. गटाने एकदम वीस डबे उचलले तर विक्रीवर कमिशन वेगळं. म्हणजे छत्तीस हजार रुपये, आणि तेही गटाच्या पेटीतले.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या गटाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही इतकी वर्षं प्रयोगशाळेत काम केलंत. तुम्हीच सांगा, घेऊ का?”

मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. पण हे शेवाळ मी मुलांबरोबर किनाऱ्यावरून आणलंय, धुतलंय, वाळवलंय, उकळलंय, आणि त्यातून सत्त्व कसं निघतं ते या डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी गटात जे बोलले तेच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगते. एका वाक्यात सांगायचं तर, शेवाळात गुण आहे, पण डब्यावर लिहिलाय तेवढा गुण अजून कुणी सिद्ध केलेला नाही. आता गुण कोणता आणि बढाई कोणती, ते वेगळं करून बघू. तांदळातले खडे निवडतो तसं.

हे शेवाळ कोणतं?

समुद्रातली मोठी शेवाळं ढोबळमानाने तीन रंगांची असतात. लाल, तपकिरी आणि हिरवी. तिघांच्याही अंगात चिकट गर असतो, पण प्रत्येकाचा वेगळा. लाल शेवाळातून निघतं ते आगर, म्हणजे आपण बाजारातून ‘चायना ग्रास’ म्हणून आणतो आणि दुधात शिजवून वड्या पाडतो ते. आइस्क्रीम घट्ट राहावं म्हणून घालतात तो कॅराजीननही लाल शेवाळातलाच. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट मिळतं. दाताच्या डॉक्टरांनी कधी तुमच्या जबड्याचा साचा घेतला असेल, तर तोंडात घातलेला तो मऊ लगदा बहुधा त्याचाच होता. आणि हिरव्या शेवाळातून जे निघतं त्याला म्हणतात उल्वान.

नाव असं का? आपल्या खडपावर जे हिरवं शेवाळ असतं, त्याचं शास्त्रातलं नाव उल्वा. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली ते नाव पुस्तकात नोंदवलं. उल्वाचं पान म्हणजे दोनच पेशींच्या थरांचं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. उन्हात धरलं तर आरपार उजेड दिसतो. काही जाती पानासारख्या पसरतात, काही नळीसारख्या, केसासारख्या लांब वाढतात. नळीवाल्या जातींना पूर्वी वेगळं नाव होतं, पण जनुकं तपासल्यावर 2003 मध्ये कळलं की दोघी एकाच घरातल्या. म्हणून आता सगळ्यांना उल्वाच म्हणतात.

आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळा सरला, पाणी निवळलं की हे शेवाळ जोमाने वाढतं. हिवाळाभर खडपं हिरवी दिसतात, आणि उन्हाळा तापला की पांढरी पडून झडतात. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही दरवर्षी बघता.

आपण हे खात नाही. पण जपानात अशाच शेवाळाची वाळवून भुकटी करतात, तिला आओनोरी म्हणतात, आणि आपण कोथिंबीर भुरभुरावी तशी ती पदार्थांवर भुरभुरतात. कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि शेवाळ, शंख-शिंपले काढून संसार चालवतात. त्यांच्या या परंपरेला 2016 साली युनेस्कोने जगाचा वारसा म्हणून मान दिला. आपल्या तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या बायकाही पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून शेवाळ काढतात. तेव्हा शेवाळ ही फालतू वस्तू नाही, हे आधी मान्य करू.

चिकट गर म्हणजे नेमकं काय?

भेंडी चिरली की हाताला तार येते. सब्जा भिजवला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत कवच चढतं. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक पाण्यात टाकला की फुगतो. हे सगळं एकाच कुळातलं आहे. शास्त्रात त्याला बहुशर्करा म्हणतात, इंग्रजी शब्द पॉलिसॅकराइड.

शर्करा म्हणजे साखर. बहुशर्करा म्हणजे साखरेच्या पुष्कळ कणांची माळ. आपली काळ्या मण्यांची पोत असते ना, तशी. एकेक मणी म्हणजे साखरेचा एकेक कण. कोणते मणी, कोणत्या क्रमाने, कशा गाठीने ओवले, यावर माळेचा गुण ठरतो. तांदळातलं पिठूळ सत्त्व म्हणजे स्टार्च, ही एक माळ. आपलं पोट ती सहज तोडतं, मणी सुटे होतात आणि रक्तात साखर चढते. लाकडातलं आणि पालेभाजीच्या देठातलं सेल्युलोज हीसुद्धा त्याच साखरेची माळ, पण तिची गाठ अशी आहे की आपल्या पोटाला ती सुटत नाही.

उल्वानच्या माळेत मणी वेगळेच आहेत. ऱ्हॅम्नोज, झायलोज, ग्लुकुरॉनिक आम्ल आणि इड्युरॉनिक आम्ल. नावं लक्षात ठेवू नका, परीक्षा घेणार नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, या मण्यांना जागोजागी सल्फेटचे लटकन लावलेले असतात, म्हणजे गंधकाचा अंश. जमिनीवरच्या भाजीपाल्यातल्या माळांना असे लटकन नसतात. दुसरी, इड्युरॉनिक आम्ल हा मणी वनस्पतीत क्वचितच सापडतो, पण माणसाच्या आणि जनावरांच्या शरीरात तो असतो. रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात देतात त्या हेपॅरिन नावाच्या औषधातही तो आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांचं कुतूहल चाळवलं. समुद्रातल्या पाल्यात हेपॅरिनशी नातं सांगणारी माळ सापडते, तर ती आपल्या उपयोगी पडेल का, असा प्रश्न त्यांना पडला.

सत्त्व कसं काढतात?

तुमच्यापैकी ज्यांनी नाचणीचं सत्त्व काढलंय त्यांना हे चटकन कळेल. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, पाणी निवळू द्यायचं, आणि खाली बसलेला गाळ वाळवायचा. उल्वानचंही तसंच, फक्त एका ठिकाणी वाट वेगळी होते. नाचणीचं सत्त्व गार पाण्यात विरघळत नाही, म्हणून तळाशी बसतं. उल्वान गरम पाण्यात विरघळतं, ते तळाशी बसतच नाही. म्हणून त्याला पाण्यातून बाहेर काढायला वेगळी युक्ती करावी लागते.

आता पायरी-पायरीने सांगते.

पहिलं काम म्हणजे गोळा करणं. ओहोटीला, खडपाला धरून असलेलं ताजं शेवाळ घ्यायचं. किनाऱ्यावर वाहून आलेलं, पिवळं पडलेलं नको. मुळासकट खरवडायचं नाही, कात्रीने वरचं कापायचं, म्हणजे बुडखा राहतो आणि पुन्हा फुटतो.

दुसरं, धुणं. आधी समुद्राच्याच पाण्यात खळबळून वाळू, गोगलगायी, शिंपल्याचे तुकडे काढायचे. मग गोड्या पाण्यात झटपट दोनदा. गोड्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवलं तर पेशी फुटतात आणि हवं तेच पाण्याबरोबर वाहून जातं.

तिसरं, वाळवणं. जाळीवर पातळ पसरून, वाऱ्यावर. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. ताज्या शेवाळात पाणीच जास्त. दहा किलो ओलं शेवाळ वाळलं की दीड-दोन किलो उरतं.

चौथं, भुकटी करून ती आधी अल्कोहोलमध्ये धुवायची. त्याने हिरवा रंग आणि तेलकट अंश निघून जातो. भुकटी फिकट होते.

पाचवी पायरी मुख्य. ही भुकटी तिच्या वीसपट किंवा त्याहून जास्त पाण्यात घालून ऐंशी-नव्वद अंशांवर तापवायची. म्हणजे पाणी वाफाळतं पण खदखदा उकळत नाही, चहाला आधण येण्याच्या जरा आधीसारखं. एक ते तीन तास ढवळत राहायचं. शेवाळाच्या भिंतीत उल्वानच्या माळा कॅल्शियमने एकमेकींना बांधलेल्या असतात. उष्णतेने ती बांधणी सैल होते आणि माळा पाण्यात उतरतात. बांधणी लवकर सुटावी म्हणून काही ठिकाणी किंचित आम्ल घालतात, पण ते जास्त झालं की माळाच तुटतात. आमच्या प्रयोगशाळेतले सर म्हणायचे, “गाठ सोडायची आहे, माळ तोडायची नाही.”

सहावं, गाळणं. चोथा बाजूला काढायचा आणि गाळलेलं पाणी आटवून कमी करायचं.

सातव्या पायरीला ती युक्ती येते. आटवलेल्या पाण्यात त्याच्या तिप्पट-चौपट अल्कोहोल ओततात. दुधात लिंबू पिळल्यावर जसं दूध फाटतं, तसं त्या पाण्यात पांढरट धागे, पुंजके दिसायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हातातलं काम टाकून उभीच राहिले होते. इतका वेळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं, आणि एकदम ढगासारखं सत्त्व वर आलं. ते गाळून, त्यातलं मीठ काढून, वाळवायचं. उरते ती फिकट रंगाची हलकी भुकटी. ते उल्वान.

किती मिळतं? वाळलेल्या शेवाळाच्या वजनात साधारण आठ ते एकोणतीस टक्के उल्वान सापडल्याच्या नोंदी आहेत. जात कोणती, महिना कोणता, काढलं कसं, यावर ते कमीजास्त होतं. म्हणजे दहा किलो ओल्या शेवाळातून सव्वाशे ग्रॅम, आणि फारच साधलं तर अर्धा किलोच्या आसपास.

आता तुम्हीच विचार करा. एवढं शेवाळ, एवढा जाळ, एवढं अल्कोहोल घालून निघालेलं सत्त्व फिकट रंगाचं असतं. त्या गृहस्थांच्या डब्यातली भुकटी हिरवीगार होती. हिरवी कशामुळे? रंग काढलेलाच नव्हता. म्हणजे ती शेवाळ वाळवून दळलेली भुकटी होती, सत्त्व नव्हेच. हरभऱ्याचा पाला वाळवून दळावा आणि बेसन म्हणून विकावं, तसं झालं.

शरीराला त्याचा उपयोग काय?

आधी जे पक्कं आहे ते सांगते. उल्वान आपल्या पोटातल्या पाचक रसांना तुटत नाही. म्हणजे ते चोथ्याचं काम करतं. पाणी धरून ठेवतं, मळ मऊ करतं. शेवाळात उल्वानबरोबर न विरघळणारा चोथाही भरपूर असतो. शिवाय प्रथिनं, मॅग्नेशियम, लोह असतं. म्हणजे स्वच्छ पाण्यातलं शेवाळ ही एक चांगली भाजी आहे, हे म्हणायला हरकत नाही.

आता जे प्रयोगशाळेत दिसलंय ते. काचेच्या बशीत, पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत उल्वानने काही चांगले गुण दाखवलेत. उंदरांच्या रक्तातली चरबी कमी झाली. काही विषाणूंची वाढ मंदावली. रक्त गोठायला वेळ लागला. रोगाशी लढणाऱ्या पेशी जाग्या झाल्या. हे खोटं नाही. जगभरचे शास्त्रज्ञ यावर मनापासून काम करताहेत.

पण काचेची बशी आणि माणसाचं शरीर यांत फार अंतर आहे. बशीत उल्वान थेट पेशीवर पडतं. आपण गिळलेलं उल्वान पोटात जातं, आतड्यातून पुढे सरकतं, आणि इतकी मोठी माळ सहजासहजी रक्तात शिरत नाही. माणसांवरचे प्रयोग अजून मोजके आणि लहान आहेत. साखरेची गोळी बंद करून त्याऐवजी शेवाळ घ्यावं, असं सांगणारा पुरावा नाही. कॅन्सरची गाठ शेवाळाने विरघळते, असा तर नाहीच नाही.

इथे मला माझ्याच घरची गोष्ट सांगायला हवी. गटाच्या त्या बैठकीच्या आधीच माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एक डबा घेतला होता. त्यांना दहा वर्षं साखरेचा त्रास. त्या गृहस्थांनी सांगितलं, “आता गोळ्यांची गरज नाही.” वहिनींनी गोळ्या बंद केल्या आणि कुणाला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या पायाला ठेच लागली. जखम भरेना, पाय सुजला. मी विचारलं, “वहिनी, गोळ्या घेताय ना?” तर म्हणाल्या, “अगो, समुद्रातला पाला तो, त्याने कसलं वाईट होणार?”

खरं होतं त्यांचं. पाल्याने वाईट केलं नव्हतं. गोळी सोडल्याने वाईट झालं होतं. आरोग्यसेविकेने साखर तपासली तर उपाशीपोटी तीनशेच्या वर. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जखमेची रोजची मलमपट्टी सुरू झाली. पाय वाचला, पण दोन महिने गेले. नंतर मी तो डबा हातात घेऊन चष्मा लावून वाचला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: औषध म्हणून वापरासाठी नाही. तोंडाने एक सांगायचं आणि डब्यावर दुसरं लिहायचं. ते बारीक अक्षर वहिनींना वाचता येत नव्हतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. मला राग आला तो त्याचा.

कुठलं शेवाळ पोटात जाऊ नये?

आता दुसरा धोका. हा डब्यातला नाही, आपल्या किनाऱ्यावरचा आहे. काहीजणी म्हणतील, डबा नको तर नको, आपण खडपावरचंच आणून भजी करू.

थांबा. उल्वाला नत्र आणि स्फुरद फार आवडतात. जिथे गावाचं सांडपाणी, शौचालयाचं पाणी समुद्राला मिळतं, तिथे ते सगळ्यात हिरवंगार वाढतं. म्हणजे जे शेवाळ दिसायला सगळ्यात देखणं, ते सगळ्यात घाण पाण्यातलं असू शकतं. शिवाय पाण्यातलं शिसं, कॅडमियम असे जड धातू उल्वा आपल्या अंगात साठवतं. म्हणूनच तर समुद्र किती दूषित आहे हे तपासायला शास्त्रज्ञ उल्वाचा उपयोग करतात. धातू धुऊन जात नाहीत, उकळून जात नाहीत, वाळवून तर आणखी दाट होतात. म्हणून बंदराजवळचं, खाडीच्या तोंडाचं, गटाराजवळचं शेवाळ खायचं नाही. आणि लांबच्या स्वच्छ खडपावरचंही तपासणी केल्याशिवाय विकायला काढायचं नाही.

तिसरा धोका कुजलेल्या शेवाळाचा. ढीग करून ठेवलेलं ओलं उल्वा सडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू विषारी असतो. फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा किनारा आहे. शेतातलं खत वाहून समुद्रात जातं, त्यामुळे तिथे दरवर्षी हिरव्या शेवाळाचे थर साचतात. 2009 साली अशाच कुजक्या थरात पाय रुतून एक घोडा मेला आणि त्याच्यावरचा स्वार बेशुद्ध पडला. चीनमधल्या चिंगदाओ शहरात 2008 च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींआधी समुद्र या शेवाळाने झाकून गेला होता. हजारो लोकांनी मिळून दहा लाख टनांहून जास्त शेवाळ काढलं, तेव्हा पाणी मोकळं झालं. म्हणून ओलं शेवाळ गोणीत कोंबून खोलीत कधीही ठेवू नका. आणलं की त्याच दिवशी पसरा.

मग गटाने काय करावं?

तुम्ही म्हणाल, ताईंनी सगळं नकोच सांगितलं. नाही बाई. करण्यासारखं आहे.

शेवाळाचं खत करता येतं. गोड्या पाण्याने मीठ धुऊन, वाळवून, शेणखताच्या खड्ड्यात थरावर थर घाला. किनाऱ्यावरच्या आपल्या परसबागेला ते चांगलं. आणखी एक गंमत म्हणजे पिकावर उल्वान फवारलं की पीक सावध होतं आणि भुरीसारख्या रोगाला तोंड द्यायला तयार होतं, असं फ्रान्स-ब्राझीलकडच्या शास्त्रज्ञांना आढळलंय. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने लाल शेवाळाच्या रसापासून पिकांसाठी फवारणीचं द्रावण तयार केलंय. शेवाळाचा शेतीतला उपयोग हा पोटातल्या औषधापेक्षा आपल्या आवाक्यातला आहे.

शेवाळाची लागवड करायची असेल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, जी 2020 साली सुरू झाली, तिला मदत ठेवली होती. तामिळनाडूत बचत गटाच्या बायका बांबूच्या तराफ्यांवर लाल शेवाळ वाढवतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने तराफे टिकत नाहीत, हा फरक धरून हिशेब करा. आधी घेणारा कोण ते पक्कं करा आणि मगच पैसे घाला. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे गटाने मिळून जावं आणि विचारावं. आणि मालवणच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतून काहीही काढण्याआधी वनखात्याला विचारा.

सत्त्व घरी काढू नका. अल्कोहोलची वाफ चुलीजवळ भडकते आणि ते बाळगायला उत्पादन शुल्क खात्याचा परवानाही लागतो. पण मुलांना दाखवायला एक सोपा प्रयोग करा. मूठभर धुतलेलं, वाळवलेलं शेवाळ तांब्याभर पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवा, गाळा, गार करा. त्या पाण्यात बोटं बुडवून एकमेकींवर घासा. जो बुळबुळीतपणा लागेल, त्यात उल्वान आहे. बघा, आणि मग ते पाणी ओतून द्या. त्यात मीठ असतं. प्यायचं मात्र नाही.

तुमचे काही प्रश्न

एका मैत्रिणीने विचारलंय, दुकानात शेवाळाचा पदार्थ मिळाला तर घ्यावा का? घ्या, पण भाजी म्हणून, औषध म्हणून नव्हे. पाकिटावर अन्नसुरक्षा विभागाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. आणि साखर, रक्तदाब, कॅन्सर बरा करतो असं कुणी जाहिरातीत सांगत असेल, तर तो कायदा मोडतो आहे. 1954 च्या कायद्याने आपल्या देशात अशा जाहिरातींना बंदी आहे.

दुसरीने विचारलंय, कुणी शेवाळ टाळावं? रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. शेवाळात आयोडीन असतं. हिरव्यात तपकिरीपेक्षा कमी असतं, पण असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातल्या मिठाचा विचार करावा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी कुठल्या पाण्यातलं ते ठाऊक नसलेलं शेवाळ खाऊ नये.

तिसरा प्रश्न छान आहे. चोथाच हवा असेल तर शेवाळच कशाला? अगदी बरोबर. भेंडी, शेवग्याचा पाला, कुळीथ, नाचणी, जवस, सब्जा यांत भरपूर चोथा आहे, आणि ते आपल्या दारात आहे. अठराशे रुपयांत वर्षभराचे कुळीथ येतील.

शेवटी, आमच्या गटाने काय केलं ते सांगून थांबते. डबे घेतले नाहीत. त्याऐवजी गटाने साखर तपासायचं एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्या घेतल्या. महिन्याच्या बैठकीला आशाताई येतात, आधी तपासणी होते आणि मग हप्ते गोळा होतात. पहिल्याच बैठकीत दोघींना साखर आहे हे कळलं. त्यांना तोवर पत्ताच नव्हता. आणि सगळ्यात आधी बोट पुढे करतात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

मैत्रिणींनो, खडपावरून चालताना पाय जपून टाका. पेटीतले पैसे काढतानाही.